सोन्नी ब्याड्री

२५ मार्च १९८४, रविवार
आज फ्रीज आला. बेळगावच्या कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली, त्यांनी सामान काढलं, त्यातला आपण घेतला. हिंडलग्यात आमच्या गल्लीत पहिलाच. हातगाडीच्या पुढं मी स्वतः चालत होतो. जेलच्या वळणावर कुणीतरी विचारलं, मास्तर, कपाट घेतलं काय? म्हटलं, कपाट नव्हे. रेफ्रिजरेटर.

यासाठी हिच्या पाटल्या मोडल्या हे खरं. पण डोकं माझं. शालूच्या हातच्या श्रीखंडाचं गावात नाव आहे, पण उन्हाळ्यात टिकत नाही म्हणून आजवर घरच्यापुरतंच चाललं. आता म्हणते ऑर्डरी घेणार. पाडव्याची सहा घरं धरूनही बसली. बाईमाणसाला धीर कसा तो नाही.

संकल्प: टेक्निकल बाजू मी बघायची. हिनं भांडी ठेवायची आणि काढायची. आतल्या बटणाला माझ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. शाळेत सायन्स शिकवणारा माणूस घरात असताना दुसऱ्यांनी लुडबुड का करावी? ती म्हणाली, बरं.

२६ मार्च
बर्फ झाला! शेजारची रुक्माक्का बघायला आली. तिच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळं आमच्याकडं काही नवीन आलं की तिला आधी कळतं. बर्फाचा खडा पदरात घेऊन गेली.

संध्याकाळी फ्रीजचा अभ्यास केला. आत बटण आहे. शून्य ते सात आकडे. मेजरसाहेबांनी ते पाचावर ठेवलं होतं. मिलिटरीत राहून एवढं ज्ञान नसावं? पाणी शून्य डिग्रीला गोठतं हे मी सातवीच्या पोरांना दरवर्षी घोकून घेतो. पाचावर नुसतं गार. शून्यावर खरं थंड. बटण शून्यावर आणून ठेवलं. उद्या बघा म्हणावं.

२७ मार्च
फ्रीज मेला. सकाळी बर्फाचं पाणी आणि पाण्याचे ओघळ खाली सतरंजीपर्यंत. घुर्र आवाज बंद. दार उघडलं की आतला दिवा मात्र लागतो, म्हणजे करंट आहे. मशीनच गेलं. मेजरनं फसवलं. देशाचं रक्षण असल्या माणसांच्या हाती!

दूध नासलं. हिनं ते मोरीत ओतलं.

२९ मार्च
कॅम्पातल्या दुकानातून मेकॅनिक आला. नाव भीमाप्पा. बैलहोंगलकडचा. मराठी येत न्हाय म्हणाला, तेही हिंदीत. म्हटलं, काळजी नको, कन्नडा गोत्तु. आपला जन्म बेळगावात गेला, कानडी आपल्या नसानसात आहे. ही बाजारात कानडी बायकांशी भाजीची घासाघीस करते म्हणून तिला वाटतं आपल्यालाही येतं. मध्ये तोंड घालायला लागली. भाजीबाजारातलं कानडी वेगळं आणि टेक्निकल कानडी वेगळं असं सांगून तिला चहाला पाठवलं.

भीमाप्पानं पाठीमागचं काढलं, फुंकलं, परत लावलं. मग दार उघडून आत डोकं घातलं. आणि फ्रीज सुरू! आत बोट दाखवून मला तीन-चारदा म्हणाला, सोन्नी ब्याड्री, सोन्नी ब्याड्री. मी म्हटलं, हौदु, हौदु, गोत्तु. म्हणजे होय होय, ठाऊक आहे. तो बघतच राहिला. माझं कानडी ऐकून भले भले असे बघत राहतात.

अर्थ सरळ आहे. सोनं आहे हो, सोनं, बाकीचे बॅड. मशीनची पारख आहे गड्याला. मेजरबद्दल परवा जरा जास्तच लिहिलं गेलं.

एक मात्र आहे. जाताना हा गडी बटण चारावर करून गेला. हात चालतो पण सायन्स नाही. तो वळणावर गेल्यावर बटण परत शून्यावर आणलं.

३० मार्च
बंद. पुन्हा बंद! काय दुरुस्ती की थट्टा?

३१ मार्च
शाळा सुटल्यावर तसाच कॅम्पात गेलो. दुकानात भीमाप्पा स्टुलावर बसून कलिंगड खात होता. चांगला झापला. कानडीत. त्यानं शांतपणे बी थुंकली आणि म्हणाला, नाळी बर्तेन्री, नाळी.

आलं लक्षात. नळी गेली आहे. आधी सांगायला काय झालं होतं? गणपत गल्लीत फिरून तांब्याची नळी मिळवली. हातभर. घरी येऊन हिच्यापुढं टाकली आणि म्हटलं, हे बघ, रोगाचं मूळ. ती म्हणाली, नाळी म्हणजे उद्या. उद्या येतो म्हणाला असेल त्यो.

कानडीत उद्याला नाळे म्हणतात हे मलाही ठाऊक आहे. नाळी हा बैलहोंगलचा अशुद्ध उच्चार. यात माझी चूक कुठं आली? नळी ठेवून दिली आहे. पुढंमागं बाग करायचा विचार आहे, झाडांना पाणी द्यायला होईल.

१ एप्रिल, रविवार
भीमाप्पा आला, साडेतीनला. खरंच आला. चहा झाला. पोहे झाले. मग फ्रीजकडं गेला आणि आत डोकं घालून माझ्याकडं वळून बघितलं. परत तेच, सोन्नी ब्याड्री. मी म्हटलं, हौदु रे बाबा, कितींदा सांगशील, सोन्नी, सोन्नी. तो हसला. आज मागचं पत्र्याचं झाकण उघडलंच नाही. हात फिरवला आणि सुरू. चार्ज मात्र पूर्ण.

हिनं जीव मुठीत धरून चक्का टांगला होता. फ्रीज सुरू झालेला बघून तिच्या तोंडावर जो आनंद पसरला तो बघून मलाही बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत श्रीखंड घोटत होती. वेलदोडा, जायफळ, सगळं घर घमघमलं. दोन मोठी पातेली फ्रीजमध्ये ठेवली आणि फ्रीजला हळदकुंकू लावलं.

माझ्याकडून काही कमी पडायला नको. दिवेलागणीला ती तुळशीकडं गेली तेवढ्यात बघितलं, तर बटण चारावरच! पाडव्याची ऑर्डर आणि चार? शून्यावर केलं. बायकोसाठी माणूस किती बारीक बघतो हे तिला कधी कळणार नाही.

२ एप्रिल, पाडवा
लिहवत नाही.

आंबलं. दोन्ही पातेली. फसफसून वर आलेलं. ही तरीसुद्धा वरचा थर काढून, साखर घालून चव घेत बसली, कुठं तरी चांगलं असेल म्हणून. मग ताट बाजूला सारलं आणि गुढीपुढं बसून रडली. सणाच्या दिवशी. सहा घरची माणसं डबे घेऊन दारात. प्रत्येकाला हिनं स्वतः जाऊन सांगितलं. मी सांगणार होतो, पण गुढीची काठी कलल्यासारखी वाटली म्हणून ती बघत होतो.

रुक्माक्का म्हणाली, शालूबाईच्या हातचं कधी असं झालं न्हाई. बरोबर आहे. हातचं नाहीच, मशीनचं.

संकल्प: भीमाप्पाला सोडायचा नाही.

७ एप्रिल
बंद. भीमाप्पा आला, सुरू करून गेला. चहा, भडंग. आता बोलतसुद्धा नाही, नुसता हसतो. जाताना रुक्माक्काच्या पोराकडं बघून म्हणाला, सर भाळ शाण्या अदार. बाळ म्हणाला मला! पोरगं म्हणतं भाळ म्हणजे फार, पण पोराला काय कळतंय? वयानं तो मोठा असेलही, पण बाळ म्हणजे अती झालं. शहाणा म्हणाला ते मात्र योग्य.

१२ एप्रिल
बंद. माझे निष्कर्ष: व्होल्टेज. आमच्या लाईनवर जेल आहे, सगळा जोर तिकडं जातो. कैदी पंख्याखाली आणि मी घामात. इलेक्ट्रिसिटी बोर्डाकडं जाऊन तक्रार करायची.

१३ एप्रिल
इलेक्ट्रिसिटी बोर्डात गेलो. ऑफिसातल्या माणसानं कानडीत बरंच सांगितलं. मी हौदु हौदु म्हणून आलो. निष्पन्न काही नाही.

१९ एप्रिल
फ्रीजचं तोंड दक्षिणेला होतं. पूर्वेला केलं. एका पायाखाली डब्याचं जुनं झाकण घातलं. दोन दिवस विश्रांती म्हणून प्लग काढून ठेवला. माणसाला लागते तशी मशीनलाही लागते.

हिनं विचारलं की बटणाचं काही असेल का, मी बघू का एकदा? म्हटलं, शालू, एकदा ठरलं ना टेक्निकल बाजू कुणाची? हात जोडून म्हटलं. ती म्हणाली, माझ्या पाटल्या हाईत त्यात, एवढं ध्यानात असू द्या. ध्यानात आहे म्हणूनच तर एवढा राबतोय मी!

२८ एप्रिल
भीमाप्पा. चहा, पोहे, आंब्याची फोड. सुरू.

२९ एप्रिल
बंद. अक्षय तृतीयेच्या दोन ऑर्डरी आल्या होत्या, हिनं दारातूनच परत लावल्या. लोकांना आंबट खायला घालून नाव घालवून घ्यायचं न्हाई म्हणाली. मी म्हटलं, नाव एवढ्यानं जात नाही. ती म्हणाली, गेलंय.



५ मे, शनिवार
मेहुणा आला. परशराम, निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत आहे, बोलणं मोठं. बेळगावला माल टाकायला टेम्पो आणला होता, रिकामा परत चालला होता. दोघा बहीणभावांचं आत काय ठरलं कोण जाणे, बाहेर येऊन म्हणाला, दाजी, फ्रीज निपाणीला नेतो, आक्कालाबी नेतो, सुट्टीच हाय तुमची.

मी म्हटलं, ने. पण सांगून ठेवतो, हे मशीन भल्याभल्यांच्या हाती आलेलं नाही. तवंदीचा घाट चढेपर्यंत राम म्हणेल. त्यानं फ्रीजला गोधडी गुंडाळली. ही त्याच्या शेजारी पुढं बसली. गोधडीच्या बाहेर आलेलं फ्रीजचं हँडल जाईपर्यंत दिसत होतं.

एका अर्थी सुटलो. आता वाचन. बाग. योगासनं.

६ मे
पिठलं. गुठळ्या.

११ मे
पिठलं. आज गुठळ्या कमी. बागेसाठी खड्डा खणला, खडक लागला. योगासनं करताना मान धरली.

१७ मे
रुक्माक्का लग्नाला निपाणीला गेली होती, येऊन सगळी बातमी सांगत बसली. मला विचारायचंच नव्हतं. म्हणे फ्रीज पहिल्या दिवसापासून फस्ट क्लास. दिवसरात्र घुर्र चालू. बर्फ इतका की पोरं खिशात घालून फिरत्यात. शालूबाईचं श्रीखंड तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरात जातंय, लई खपतंय. शालूबाईनं अंगबी धरलंय.

शास्त्रीय कारण उघड आहे. निपाणीची हवा कोरडी. शिवाय तंबाखूच्या वासानं मशीनला तरतरी येत असणार. माझी इतक्या दिवसांची मेहनतही आता कुठं फळाला आली असेल, पायाखालचं झाकण, विश्रांती वगैरे. श्रेय कुणी देणार नाही.

ही मात्र परत यायचं नाव काढत नाही. घर खायला उठतं. हे इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे?

२६ मे, शनिवार. निपाणी
उद्या परशरामच्या मुलीचं बारसं. मला बोलावणं आलं, आलो. हिनं दारात पाणी दिलं, फ्रीजचं, गार. ग्लासाला बाहेरून घाम. बरी दिसते. म्हणाली, वाळलासा. मनातून गलबललो पण म्हटलं, योगासनं करतो.

उद्या चाळीस पान आहे. सगळं श्रीखंड हिच्या हातचं. फ्रीज गच्च भरलाय. मुक्कामाला कोल्हापूरचे पाहुणे आहेत, त्यांच्याकडून त्यांच्या घरच्या लग्नाची मोठी ऑर्डर मिळणार असं घरात सगळे बोलत होते. ही लाजत होती. ठरवलं, उद्याचं निभावलं की हिला म्हणायचं, चल घरी, फ्रीजसकट. ती नाही म्हणणार नाही, मूड चांगला आहे.

जेवणानंतर सहज फ्रीज उघडला. बटण चारावर! एवढं मोठं कार्य आणि चार! मशीन चांगलं चालतंय म्हणून बेफिकिरी. या लोकांना कुणी सांगणारं नाही. मी बोललो असतो तर परशरामला लागलं असतं, म्हणून गुपचूप शून्यावर आणून ठेवलं. उपकार बोलून दाखवायचे नसतात. उद्या सांगेन.

२७ मे, रविवार. निपाणी
बारसं झालं. मुलीचं नाव ठेवलं सुनंदा.

बाकीचं लिहितो. सकाळी हिचा आवाज ऐकून जागा झालो. स्वयंपाकघरात सगळे फ्रीजपुढं उभे. पातेली खाली काढलेली. बर्फाचं पाणी पायाखाली. हिनं वास घेतला आणि पातेलं खाली ठेवलं, हळू, आवाज न करता. मग बटणाकडं बघून विचारलं, ह्याला हात कुणी लावला?

मी पुढं झालो. म्हटलं, घाबरू नका, मीच रात्री शून्यावर केलं होतं, फुल थंडीसाठी, हिंडलग्यात रोजच करत होतो, तेव्हा दोष बटणाचा नाही, दुसरं काहीतरी आहे. परशराम म्हणाला, दाजी, शून्य म्हंजी बंद. मी त्याला समजावून सांगितलं की तू तंबाखूतला माणूस, पाणी शून्य डिग्रीला गोठतं हे सायन्स आहे. आणि अडाण्यांचं सोडा, खुद्द बैलहोंगलचा मेकॅनिक या मशीनला सोनं म्हणून गेला आहे. दर खेपेला म्हणायचा.

हिनं विचारलं, काय म्हणायचा?

मी छाती काढून म्हटलं, सोन्नी ब्याड्री.

परशरामची बायको चिकोडीची, कानडी माहेरची. ती आधी हसली. मग परशराम. मग कोल्हापूरची माणसं, ज्यांना कानडी कळत नाही तीसुद्धा, बाकीचे हसले म्हणून. ही हसली नाही. सगळ्यांसमोर मला एकेक शब्द फोडून सांगितला, पोरांना शिकवतात तसा. सोन्नी म्हणजे शून्य. ब्याड म्हणजे नको. शून्य नको हो, शून्य नको. पहिल्या दिवसापासून सांगत हुता बिचारा. आणि तुमी त्याला हौदु हौदु करत हुता.

पुढं म्हणाली, माझा पाडवा घालवलासा.

मग पदर खोचून शिरा करायला बसली. चाळीस माणसांचा शिरा. मी रवा भाजू का म्हणून विचारलं. नको म्हणाली.

२८ मे. हिंडलगा
एकटाच परत आलो. एस.टी.त उभा राहून.

४ जून
शाळा सुरू झाली. शांतपणे विचार केला. चूक कंपनीची आहे. शून्याच्या जागी बंद असं लिहायला काय धाड भरली होती? दुसरी चूक भीमाप्पाची. शून्याला शून्य म्हणायचं सोडून सोन्नी. तिसरी चूक, बेळगावात राहून मेकॅनिक लोक मराठी शिकत नाहीत. माझी चूक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. अती काळजी घेतली, एवढीच.

आज सातवीत उष्णतेचा धडा होता. पाणी किती डिग्रीला गोठतं विचारलं. वर्ग एकसुरात ओरडला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

संकल्प: हिला आणायला जायचं. माफी असं नाही, पण त्या धर्तीचं काहीतरी बोलायचं. पुढच्या रविवारी.

१० जून, रविवार
जायच्या तयारीत होतो, दाढीचा साबण तोंडाला, तेवढ्यात दारात टेम्पो. परशराम, ही आणि गोधडीत फ्रीज! टॉवेल टाकून धावलो. म्हटलं, या या, जागा झाडून ठेवली आहे, पूर्वेकडं तोंड.

ही आत आली, पिशवी ठेवली, पिठल्याची भांडी बघितली, पदर खोचला. परत आली! मी हातानंच तोंडावरचा साबण पुसला.

टेम्पोतून फ्रीज उतरला तो मात्र आमच्या दारात आला नाही. चार माणसांनी उचलून शेजारी नेला. रुक्माक्काच्या घरात. दोघींचं आधीच ठरलं होतं म्हणे, श्रीखंडात रुक्माक्काची भागीदारी. दाराला नवी पाटीसुद्धा लागली, शालूबाईंचे श्रीखंड, ऑर्डरप्रमाणे मिळेल.

मी हिला म्हटलं, अगं पण टेक्निकल बाजू? ती म्हणाली, तुमी माझं माणूस हायसा म्हणून मी आले. त्यो फ्रीज माझा हाय म्हणून त्यो तिकडं.

दुपारी जरा आडवा झालो. भिंतीपलीकडून घुर्र घुर्र. मशीनचा आवाज अगदी निरोगी आहे. डोळा लागेना. संध्याकाळी डबे घेऊन माणसं यायला लागली, चुकून आमचं दार वाजवतात, त्यांना शेजारी पाठवायचं काम मी केलं. म्हणजे एका अर्थी मॅनेजमेंट माझ्याकडंच आहे.

उकाडा फार. तांब्या घेऊन रुक्माक्काकडं गेलो, गार पाणी मागितलं. म्हटलं, तुम्ही कशाला उठता, मीच घेतो. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. म्हणाली, मास्तर, तुमी भाईरच थांबा.